बाणातला ‘ण’ आणि पोलादपूरची आजी

तर झालं असं, की एका वॉटर प्युरिफायरच्या जाहिरातीसाठी मला आवाज द्यायचा होता. वाक्य एकच, त्यात ‘पाणी’ दोनदा. मास कॉमची डिग्री, कानावर हेडफोन, हातात कॉफी, सगळं एकदम प्रोफेशनल. अकराव्या टेकनंतर काचेपलीकडचा मुलगा माइकवर म्हणाला, ‘‘मॅडम, आवाज मस्त आहे तुमचा. पण तुमचा ‘ण’ जरा गावाकडचा लागतोय.’’ काम गेलं. पैसे गेले त्याचं दुःख होतंच (फ्रीलान्सरला कायमच असतं), पण डोक्यात बसला तो ‘ण’.

मी जन्मले ठाण्यात, शिकले ठाण्यात. गावाकडचा ‘न’ माझ्या तोंडात आला कुठून? उत्तर मला माहीत होतं. पहिली सहा वर्षं मला आजीनं सांभाळलं, आणि आजी म्हणजे पक्की पोलादपूर तालुक्यातली. तिचं पानी, तिचं लोनी, तिचं ‘कोन हाय?’ शाळेत बाईंनी ‘बाणातला ण म्हण’ असं म्हणत हे सगळं घासून काढलं होतं. थकल्यावर मात्र खालचा रंग दिसतो, तसं अकराव्या टेकला झालं.

आजीला फोन लावला, तो काकीनं उचलला. ‘‘काका कुठंय?’’ ‘‘तो वर गेलाय.’’ माझ्या काळजाचं पाणी (की पानी?) झालं. मुंबईत माणूस एकदाच वर जातो. पोलादपूरला मात्र आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणं म्हणजे ‘वर’, आणि संध्याकाळी काका एसटीनं खाली आला. पोलादपूर नाव ऐकून मला लहानपणी तिथं पोलादाचे कारखाने दिसायचे. प्रत्यक्षात आहेत डोंगर, वरी-नाचणी आणि मुंबईतून शिमगा-गणपतीला येणारे चाकरमानी.

थेट गाडी मिळाली नाही म्हणून महाडला उतरले, आणि तारीख निघाली २० मार्च. स्टँडपासून तळ्यापर्यंत माणसंच माणसं. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, पांढऱ्या साड्यांमधल्या बायका, लाउडस्पीकरवर भीमगीतं. मी अगदी टूरिस्टासारखं मनात म्हटलं, चवदार तळं! म्हणजे पाणी चवीला कसं असेल?

हा प्रश्न इथं विचारायची सोय १९२७पर्यंत सगळ्यांना नव्हती. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळानं १९२३मध्ये मंजूर केला, त्यानुसार महाड नगरपालिकेनं १९२४मध्ये तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. तळ्यावर गुरं प्यायची, दलितांना मात्र बंदी. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन इथवर चालत आले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत १९३७ उजाडलं. एक घोट पाण्याला दहा वर्षं.

शुद्ध पाणी. स्टुडिओत मी अकरा वेळा हेच म्हणत होते.

स्टेजवर एक गायिका गात होती. खड्या आवाजात, पेटी आणि ढोलकीवर. ती सरळ ‘पानी’ म्हणत होती आणि समोरचा सगळा मांडव तिच्याबरोबर ‘पानी’ म्हणत होता. तिला थांबवून टेक क्रमांक दोन मागणारं तिथं कुणी नव्हतं. मी इयरफोन पर्समध्ये टाकले ते परत काढलेच नाहीत.

महाडहून पोलादपूरला जाताना गाडी सावित्रीचा पूल ओलांडते. जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला, त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं गेली. नवा पूल २०१७च्या जूनमध्ये सुरू झाला. मार्चमधली सावित्री इतकी किरकोळ दिसते, की ही बया असं काही करेल यावर विश्वास बसू नये. पुलावर माझ्या शेजारच्या काकांनी गप्पा अर्ध्यावर सोडून हात जोडले, पूल संपल्यावर पुढचं वाक्य तिथूनच उचललं. याच तालुक्यातल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ला दरड कोसळली, आणि महाड शहर तेव्हा पाण्याखाली होतं. इथं पाण्याचा उच्चार कुणी तपासत बसत नाही.

आता गंमत ऐका. मूळ संस्कृत शब्द आहे ‘पानीय’. त्यात ‘न’च आहे! प्राकृतात ‘न’चा ‘ण’ झाला आणि तो मराठीत ‘पाणी’ म्हणून आला. म्हणजे बाई ज्याला शुद्ध म्हणायच्या तो बिघडलेला, आणि आजीचा ‘न’ योगायोगानं का होईना, पण थेट देववाणीशी जुळतो. पोलादपुरात तर ‘शिवभारत’ हे शिवाजी महाराजांचं संस्कृत चरित्र लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. मी तिथं मुद्दाम गेले आणि आजूबाजूला कुणी नाही बघून एकदा मोठ्यानं ‘पानी’ म्हणून आले.

घरी पोचल्यावर आजीला हा सगळा शोध सांगितला. ती भाकऱ्या थापत होती. संस्कृतचं तिला काही विशेष वाटलं नाही. मग मी मोबाइलवर माझा जुना डेमो लावला, बाणातल्या ‘ण’सकट, एकदम चकाचक. आजीनं तवा उतरवून ठेवला आणि नीट कान देऊन ऐकलं.

‘‘चांगली बोलते गं बाय,’’ ती म्हणाली. ‘‘पन कोन हाय ही?’’