पैसे आले कोठून?

मॉन्टगोमेरीचे नाव निघाले की रोझा पार्क्स आठवतात, आणि ते योग्यच आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूला द्यायचे त्यांनी नाकारले. त्यांना अटक झाली, आणि ५ डिसेंबरपासून अलाबामातील त्या शहराच्या काळ्या रहिवाशांनी बसवर बहिष्कार घातला. मला मात्र या हकिकतीत नेहमी एक प्रापंचिक प्रश्न पडतो. बहिष्कार चालला ३८१ दिवस. इतके दिवस हजारो माणसे कामावर गेली कशी? पुष्कळजण पायी गेले. बाकीच्यांची ने-आण खासगी मोटारी करीत. आणि मोटार काही घोषणांवर धावत नाही, तिला पेट्रोल लागते.

त्या पेट्रोलचा काही खर्च जॉर्जिया गिलमोर यांच्या चुलीतून निघाला! बाई एका खाणावळीत स्वयंपाकीण. त्यांनी ओळखीच्या बायका गोळा केल्या. तळलेली कोंबडी, माशाची सँडविच, केक करायचे, विकायचे आणि जमलेली रक्कम सभेत नेऊन द्यायची. यातल्या कितीतरीजणी गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या. नाव फुटले की नोकरी गेलीच. म्हणून मंडळाचे नाव ठेवले ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे कुठलाच नसलेला क्लब. पैसे आले कोठून? कुठूनच नाही! एखाद्या मुरलेल्या वकिलालाही असे उत्तर सुचले नसते.

स्वतः गिलमोरबाई मात्र लपून राहिल्या नाहीत. मार्च १९५६ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील खटल्यात त्यांनी साक्ष दिली. चालकाने पैसे घेऊन त्यांना मागच्या दाराने चढायला फर्मावले होते, आणि त्या खाली उतरताच बस हाकली होती. पुढे त्यांची नोकरी गेली. तेव्हा किंग यांच्या सल्ल्याने त्यांनी घरीच जेवणावळी सुरू केल्या. स्वतः किंगही पाहुण्यांना घेऊन तेथे जेवायला येत.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. त्या दाव्यातील वादीही बायकाच. त्यांपैकी क्लॉडेट कोल्विन हिला पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, वयाच्या १५ व्या वर्षी, याच कारणासाठी अटक झाली होती. २० डिसेंबरला बहिष्कार संपला.

सेल्मा ते मॉन्टगोमेरी या १९६५ च्या मोर्चाला १९९० साली २५ वर्षे झाली. त्या समारंभासाठी गिलमोरबाईंनी स्वयंपाक मांडला होता. त्याच वेळी त्यांना मृत्यू आला. त्यांनी रांधलेले तेच अन्न घरच्यांनी भेटायला आलेल्या मंडळींना वाढले.