इंग्रजी भूत धातुसाधितें आणि त्यांचे सोबती



नगर-सोलापूर रस्त्यावरील आमच्या मिरजगांवीं कांहीं वर्षांपूर्वी घडलेली एक लहानशी गोष्ट आधीं सांगतों. कारण आजच्या भाषणाचा विषय मला त्या गोष्टीनेंच शिकविला. बाजाराच्या दिवशीं एक वृद्ध शेतकरी इंग्रजींत छापलेला कागद घेऊन माझ्या ओट्यावर आला. कागद कोणत्या कचेरीचा होता, तें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. "आजोबा, तुम्हीं भरलेली रक्कम यांत लिहिली आहे, म्हणजे आपलें देणें फिटलें," असें नातवानें तो वाचून सांगितलें होतें. म्हातारा आनंदांत होता. केवळ खात्रीसाठीं तो माझ्याकडे आला होता. मीं कागद वाचला आणि मनांत धस्स झालें. त्यांत 'पेड बाय हिम' असें नव्हतें, 'पेड टू हिम' असें होतें. ती त्यानें भरलेली रक्कम नसून त्याला दिलेली रक्कम होती, आणि ती परत करण्याची मुदत आठ दिवसांवर येऊन ठेपली होती.

नातू माझाच विद्यार्थी. 'पे, पेड, पेड' हीं रूपें मींच त्याच्याकडून पाठ करविलीं होतीं. 'टू' चा अर्थ त्याला येत होता, 'हिम' चाही येत होता. तिन्ही शब्द सुटे सुटे येत असून त्यांचा मिळून होणारा अर्थ मात्र त्याला लागला नाहीं. दोष मुलाचा नव्हता, शिकविणाराचा होता. तो दोष कोठें होता, हेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

भूत धातुसाधित म्हणजे 'गो, वेंट, गॉन' या पाठांतरांतील तिसरें रूप. आपल्या 'दिलेला', 'लिहिलेलें', 'गेलेली' अशा रूपांच्या जागीं तें येतें. परंतु 'दिलेली रक्कम' एवढेंच म्हटलें, तर कोणीं दिली, कोणाला दिली, कोणाकरितां दिली, यांतलें कांहींच कळत नाहीं. मराठींत तें सांगण्याचें काम सर्वनाम आपल्या अंगावर घेतें: 'त्यानें दिलेली', 'त्याला दिलेली', 'त्याच्याकरितां दिलेली'. सर्वनामाचें रूपच पालटतें, म्हणून कान फसत नाहीं. इंग्रजींत मात्र 'पेड बाय हिम', 'पेड टू हिम', 'पेड फॉर हिम' या तिन्ही ठिकाणीं 'हिम' जसेंच्या तसें राहतें. सारा भार त्याच्या आधीं बसणाऱ्या इवल्याशा अव्ययावर पडतो. घाईनें वाचणाराची नजर 'पेड' आणि 'हिम' टिपते व मधलें अव्यय गाळते. मग मन आपल्या मराठी सवयीनें त्या माणसाला कर्ता ठरवून मोकळें होतें.

ही सवय पुष्कळ जुनी आहे. 'मीं पत्र लिहिलें', 'मीं चिठ्ठी लिहिली', 'मीं कागद लिहिला' हीं वाक्यें पाहा. क्रियापद 'मीं' च्या मागें न जातां पत्र, चिठ्ठी, कागद यांच्या मागें जातें. यासच आपण कर्मणि प्रयोग म्हणतों. येथील 'मीं' ही तृतीया होय. जुन्या मराठींत 'म्यां' असेंही म्हणत. संस्कृतांत हेंच वाक्य 'मया पत्रं लिखितम्' असें होतें, आणि आपलें 'लिहिलें' हें रूपही मूळचें धातुसाधितच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें मराठी व्याकरण सन १८३६ मध्यें प्रसिद्ध झालें आणि मोरो केशव दामले यांचें सन १९११ मध्यें; या दोन ग्रंथांच्या परंपरेंतच आपण प्रयोगविचार शिकत आलों. तृतीयेच्या 'मीं' वरील अनुस्वार सन १९६२ च्या लेखननियमांनीं गेला. मी जुन्या वळणाचा असल्यामुळें तो अजून देतों, कारण कर्त्याची खूण त्यांत राहते.

तेव्हां 'रिटन बाय मी' यांत परकें असें फारसें नाहीं. तें आपलें 'म्यां लिहिलेलें' होय. इंग्रजांचें 'बाय' म्हणजे आपली तृतीया. अडचण येते ती उच्चारसाम्यामुळें. आपला 'मी' हा कर्ता. इंग्रजांचा कर्ता 'आय', आणि त्यांचें 'मी' हें अव्ययामागून किंवा कर्माच्या जागीं येणारें रूप. म्हणून मुलें गोंधळून 'बाय आय' असें लिहितात. त्यांना एवढेंच सांगावें कीं, शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी आपल्याकडेही सर्वनामाचें सामान्यरूप होतें. 'त्याच्याकडून' म्हणतात, 'तोकडून' असें बोबडें मूलही म्हणत नाहीं. त्याचप्रमाणें इंग्रजी अव्ययापुढें मी, हिम, हर, अस, देम हींच रूपें येतात. आय, ही, शी, वुई, दे हीं येत नाहींत.

दुसरी गोष्ट अशी कीं, कित्येक धातुसाधितांचे सोबती ठरलेले असतात, आणि आपल्या विभक्तीवरून ते ओळखतां येत नाहींत. आपण 'त्याच्याशीं लग्न झालें' म्हणतों, म्हणून मुलगा 'मॅरिड विथ हिम' लिहितो. इंग्रजी रीत 'मॅरिड टू हिम' अशी आहे. लाकडाचें टेबल व दुधाचें दही या दोहोंस आपण एकच षष्ठी लावतों. इंग्रज पहिल्यास 'मेड ऑफ' व दुसऱ्यास 'मेड फ्रॉम' म्हणतो, कारण टेबलांत लाकूड डोळ्यांना दिसतें, दह्यांत दूध पालटून गेलेलें असतें. 'नोन टू मी' म्हणजे मला माहीत असलेलें. 'नोन बाय' ची तेथें सहसा गरज पडत नाहीं. या रीती कायमच्याही नसतात. सन १६११ मध्यें छापलेल्या इंग्रजी बायबलांत कर्त्याच्या आधीं आजच्या 'बाय' ऐवजीं 'ऑफ' अनेक ठिकाणीं आढळतें. म्हणून येथें तर्कावर विसंबूं नये; धातुसाधित व त्याचें अव्यय हें जोडपें एकत्रच शिकावें.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. 'ते त्याला हसले' या वाक्याचा इंग्रजी कर्मणि प्रयोग 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम' असा होतो. दोन अव्ययें लागोपाठ आलेलीं पाहून मुलें एक खोडून टाकतात. आपलें अव्यय नामाला अगर सर्वनामाला चिकटतें. तें क्रियेजवळ एकटें राहत नाहीं, म्हणून आपणांस तें चुकल्यासारखें वाटतें. येथें 'ॲट' हें 'लाफ्ड' चें आणि 'बाय' हें 'देम' चें, अशी वांटणी केली म्हणजे कोडें सुटतें. 'लुक्ड आफ्टर बाय हर' म्हणजे तिनें सांभाळलेलें. 'लुक्ड फॉर बाय हर' म्हणजे तिनें शोधलेलें. पहिलें अव्यय बदलतांच क्रियाच बदलली. कर्ती मात्र तीच राहिली.

सन २००० पासून महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. वर्षें वाढलीं, ही चांगली गोष्ट झाली. परंतु धातूंचीं तीन रूपें तक्त्यावर टांगून ठेवल्यानें भाषा येत नाहीं. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तरी शिक्षकबंधूंस अनुभवानें एक विनंति करतों. तिसरें रूप कधींही एकटें शिकवूं नये. 'पेड' म्हटलें कीं, कोणीं, कोणाला, कोणाकरितां, हे तीन प्रश्न मुलांस विचारावे, आणि प्रत्येक उत्तर अव्यय व सर्वनाम यांसह मोठ्यानें म्हणवून घ्यावें. आज बँकेचे, विम्याचे व न्यायालयांचे पुष्कळ कागद खेड्यापाड्यांत इंग्रजींत येतात. त्यांवरील एका अव्ययानें घेणेकरी देणेकरी ठरतो.

त्या शेतकऱ्यानें धावपळ करून मुदतींत रक्कम भरली. मिळालेली पावती घेऊन आजोबा आणि नातू दोघेही माझ्याकडे आले. यावेळीं मीं कागद हातीं घेतला नाहीं; मुलालाच वाचावयास सांगितलें. त्यानें मधल्या शब्दावर बोट ठेवलें, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "गुरुजी, 'रिसीव्ह्ड फ्रॉम हिम' आहे. त्यांच्याकडून मिळाली. आतां खरोखर फिटलें."