मेंदूतील गाठ आणि संसाराचा पेच

मेंदूत गाठ आहे असे निदान झाले की घरातील माणसे प्रथम डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहतात आणि दुसऱ्या दिवशी पेटीतील सोन्याकडे. गोमंतकातील मध्यमवर्गीय घरालाही हा क्रम चुकत नाही. कित्येकदा निदानाआधीचे महिनेही वाया गेलेले असतात. शांत माणूस एकाएकी चिडखोर झाला की बाधा समजून घाडी गाठला जातो. पहाटेची डोकेदुखी व उलटी पित्तावर ढकलली जाते. आणि चाळिशीत पहिल्यांदाच फिट आली तेव्हा कोठे स्कॅन निघतो.

गाठ म्हणजे कर्करोगच असे नव्हे. मेंदूच्या आवरणातून उद्भवणारी मेनिंजिओमा बहुधा सौम्य असते. परंतु कवटी ही बंद पेटी. तिच्यात सौम्य गाठीलाही जागा नाही. दृष्टी, वाचा, हातपाय यांपैकी काहीही तिच्या दाबाने जाऊ शकते. सरकारदरबारी मात्र शब्दाला मोल. रेल्वेची प्रवाससवलत कर्करुग्णाला आहे. सौम्य गाठीच्या रुग्णाला त्या नावाखाली ती मागता येत नाही. उलट गंभीर आजारांच्या विम्यात सौम्य मेंदूगाठ हे पुष्कळदा स्वतंत्र कलम असते, आणि पॉलिसी न वाचताच कपाटात पडून राहते. गाठीचा प्रकार व श्रेणी सांगणारा पॅथॉलॉजीचा अहवाल म्हणूनच जिवापाड जपला पाहिजे.

सर्वांत उग्र गाठ ग्लायोब्लास्टोमा. २००५ पासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे किरणोपचार, सोबत रोज टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, व पुढे दर अठ्ठावीस दिवसांतून पाच दिवस त्याच गोळ्या, अशा सहा फेऱ्या. एवढे करूनही निम्मे रुग्ण साधारण सव्वा वर्षापलीकडे जात नाहीत. हे कटू सत्य कुटुंबाला वेळीच सांगणे हा वैद्यकाचा धर्म आहे. शेत विकायचे की मुलीचे शिक्षण राखायचे, हा निर्णय अंधारात घ्यावयाचा नसतो.

२०१६ साली सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे व त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे कवच देते. योजना चांगलीच आहे. तिच्यामुळे अनेक शस्त्रक्रिया पार पडल्या. परंतु ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. मुंबईत परळला टाटा रुग्णालयाची वाट धरली, तर सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, रुग्ण आणि सोबती मिळून चौऱ्याऐंशी माणशी दिवसांचे जेवणखाण; शिवाय सोबत्याचा बुडालेला रोज. हा हिशेब कोणत्या यादीत बसतो? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे म्हणून कितीतरी जणांची पाठ टेकते. गोवा सरकारला आपल्या रुग्णांसाठी मुंबईत अशी सोय उभारणे जड नाही.

आणखी एक पेच आहे, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. डाव्या बाजूच्या गाठीत वाचा आणि उजवा हात दोन्ही धोक्यात येतात. हात गेला की बँकेतील सही जुळत नाही आणि स्वतःच्याच पैशाला माणूस पारखा होतो. त्यात गोव्याच्या नागरी संहितेनुसार पतिपत्नींच्या समाईक स्थावराची विक्री एकाच्या सहीने होत नाही. रुग्णाची मती गेली तर घर असूनही कुटुंब हात बांधून बसते. मुखत्यारपत्रसुद्धा देणारा शुद्धीत असेपर्यंतच खरे! तेव्हा संयुक्त खाते, वारसाची नोंद, मालमत्तेविषयीचा निर्णय ही कामे शस्त्रक्रियेपूर्वीच उरकली पाहिजेत. अशा वेळी हे बोलणे अशुभ वाटते, हे आम्ही जाणतो.

हे सांगायला डॉक्टरांना सवड नसते व नातलगांना धीर नसतो. बांबोळीच्या गोमेकॉत मेंदूशस्त्रक्रियेच्या प्रत्येक रुग्णामागे एका समाजसेवकाने अर्ध्या तासाची बैठक घेतली, योजनेचे अर्ज, गोळ्यांचा खर्च आणि या सह्या यांची वाट दाखविली, तर त्याला नवी इमारत लागणार नाही. एक टेबल व दोन खुर्च्या पुरतील, आणि आरोग्य खात्याला ते या महिन्यातही करता येईल.