गाडीवरचं ‘क्रोम’ प्लॅस्टिकचं असतं! ते साफ कसं करायचं आणि काय टाळायचं?

गाडीने दोन-तीन पावसाळे पाहिले की पुढच्या ग्रिलची चमक मंदावते. दाराच्या हँडलवर आणि खिडकीखालच्या पट्टीवर पांढुरके ठिपके दिसू लागतात. मग मोबाइलवर एखादी रील समोर येते : टूथपेस्ट लावा, ॲल्युमिनियम फॉइल कोलात बुडवून घासा, दोन मिनिटांत क्रोम नव्यासारखं! पहिल्या दिवशी फरक दिसतोही. पण अशा घासण्यामुळे क्रोमचा थरच निघून जाऊ शकतो, आणि गेलेला थर कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

हे क्रोम नेमकं कशाचं असतं?

अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीचे बंपर पोलादाचे होते आणि त्यांवर क्रोमचा मुलामा असायचा. पोलादाला तांबडा गंज चढतो. तो खरवडण्यासाठी फॉइल किंवा धातूची पॉलिश कामाला यायची. आजच्या बहुतेक गाड्यांची ग्रिल, लोगो आणि शोभेच्या पट्ट्या मात्र एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिक गंजत नाही, त्यामुळे खरवडण्यासारखं तिथे काही नसतंच.

या प्लॅस्टिकला चमक दोन प्रकारे दिली जाते. पहिला प्रकार म्हणजे धातूचा मुलामा. आधी रसायनाने प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खड्डे पाडतात, म्हणजे धातूला पकड मिळते. त्यावर एकावर एक तांबं, निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम चढवतात. हा वरचा क्रोमियमचा थर साधारण ०.३ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो.

दुसऱ्या प्रकारात प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा अगदी तलम थर किंवा चकाकती फिल्म बसवतात आणि वरून पारदर्शक लॅकर देतात. बाजारात मिळणाऱ्या चिकटवायच्या स्वस्त गार्निशमध्ये हा प्रकार बऱ्याचदा दिसतो. इथे कापड धातूवर फिरतच नाही, ते लॅकरवर फिरतं. लॅकरला ओरखडे पडले की चमक धुरकट होते.

घरच्या घरी हे दोन प्रकार वेगळे ओळखणं कठीण असतं. म्हणून प्रत्येक चकाकती पट्टी लॅकरची आहे असं समजून हात हलका ठेवणं सर्वांत सुरक्षित.

डाग कशामुळे पडतात?

पांढरे ठिपके हे बहुतेक वेळा पाण्यातल्या क्षारांचे असतात. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली आणि ती उन्हातच वाळू दिली की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पक्ष्यांची विष्ठा आणि प्रवासात चिकटलेले किडे जास्त दिवस राहिले तर तेही डाग पाडतात. कोकणपट्टीत आणि गोव्यात खाऱ्या हवेची भर पडते.

खडा लागून टवका उडाला तर दुखणं वेगळं असतं. त्या जागेतून ओलावा आणि मीठ आत शिरतं आणि खालचे निकेल-तांब्याचे थर खराब होऊ लागतात. टवक्याभोवती हिरवट डाग दिसला तर तो तांब्याचा असण्याची शक्यता मोठी. शिवाय उन्हात प्लॅस्टिक धातूच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं. वर्षानुवर्षं तापणं-थंड होणं चालू राहिलं की कमकुवत कडांपासून मुलामा सुटू लागतो.

साफ करण्याची योग्य पद्धत कोणती?

गाडी सावलीत आणि पट्टी हाताला थंड लागत असताना काम करावं. आधी भरपूर पाणी सोडून धूळ आणि माती वाहून जाऊ द्यावी. कोरड्या कापडाने धूळ पुसली तर मातीचे कण सँडपेपरसारखे घासतात. मग बादलीभर पाण्यात कार शाम्पू घालून मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसावं. ग्रिलच्या फटींसाठी रंगकामाचा मऊ ब्रश चालतो. शेवटी पुन्हा पाणी मारून लगेच कोरडं करावं. ठिपके टाळण्यात या शेवटच्या पायरीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

विष्ठा किंवा किडे वाळले असतील तर ओलं कापड पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवावं. मऊ पडल्यावर ते सहज निघतात. क्षारांचे ठिपके साबणाने निघाले नाहीत तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने लावावं, मिनिटभराने साध्या पाण्याने नीट धुवावं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावं. मुलामा सुटलेल्या जागी व्हिनेगर लावू नये.

काय अजिबात वापरू नये?

• टूथपेस्ट, रबिंग कंपाउंड, पितळ चमकवायची पॉलिश : यांत घासणारे कण असतात.
• तारेची घासणी, फॉइल, भांड्यांच्या स्क्रबरची हिरवी बाजू : ओरखडे हमखास.
• शौचालय साफ करायचं ॲसिड : त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमियमच विरघळवतं.
• थिनर आणि पेट्रोल : लॅकर आणि एबीएस प्लॅस्टिक दोन्हींना धोका.

वॉशिंग सेंटरवर गाडी दिली तर फोमऐवजी ॲसिडयुक्त क्लीनर तर मारत नाहीत ना, हे विचारून घ्यावं. प्रेशरचा पाइप पट्टीपासून किमान फूटभर लांब असावा. सुटलेल्या कडेवर थेट धार मारली तर उरलेला मुलामाही उचकटतो.

चमक टिकवायची कशी?

स्वच्छ, कोरड्या पट्टीवर कार वॅक्स किंवा सीलंटचा पातळ हात द्यावा आणि मऊ कापडाने पुसून घ्यावा. त्यात घासणारे कण नाहीत, हे डब्यावर पाहून घ्यावं. या थरामुळे पाणी घरंगळून जातं आणि क्षारांना थेट क्रोमवर बसता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्याआधी एकदा, हे केलं तर पुरेसं. समुद्रकिनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवावी.

मुलामा सुटलाच तर?

तिथे पॉलिशचा उपयोग नाही. सुटलेला धातू ब्लेडसारखा धारदार असतो, म्हणून तो नखाने किंवा बोटाने सोलू नये. टवका लहान असेल तर पारदर्शक टच-अप लॅकरचा थेंब देऊन ओलावा रोखता येतो. मोठा भाग गेला असेल तर सुटे तुकडे काढून, जागा घासून सपाट करून त्यावर रंग किंवा काळं व्हिनाइल चढवता येतं. नाहीतर पट्टी बदलावी लागते, आणि ग्रिल एकसंध असेल तर चार इंचांच्या डागासाठी अख्खी ग्रिल.

म्हणूनच रीलमधला उपाय करण्याआधी एक प्रश्न पुरेसा आहे : हा उपाय डाग काढतो, की डागासकट क्रोमही?