भिंतीवरची स्पीड बॅग आणि शेजाऱ्याची झोप

व्यायाम कमी करा, असे सांगण्याची वेळ डॉक्टरवर क्वचितच येते. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, वाढते वजन या साऱ्यांवर आमचे पहिले औषध व्यायाम हेच असते. त्यामुळे घरातल्या मुलाने किंवा मुलीने बॉक्सिंगचा सराव सुरू केला, तर आईवडिलांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. विजेंदर सिंगने २००८ साली बीजिंगला, मेरी कोमने २०१२ साली लंडनला आणि लवलिना बोरगोहेनने २०२१ साली टोकियोला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. या खेळाची ओढ आता लहान गावांतही पोचली आहे. आपले नगर तर लष्कराचे गाव. चिलखती दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. त्यातलाच एखादा घरी येऊन भिंतीला आडवी फळी ठोकतो आणि तिच्याखाली हवा भरलेली लहानशी चामडी पिशवी टांगतो. देठाकडे निमुळती, खाली फुगीर, भरताच्या वांग्यासारखी. हीच स्पीड बॅग. हात चपळ होतात, नजर बसते, दमही वाढतो.

आपल्याकडे अंगमेहनतीचा व्यायाम पूर्वी तालमीत चालायचा. तालमीच्या हौद्यात तेल, हळद, ताक घालून मऊ केलेली तांबडी माती असते. पैलवान कितीही जोरात आपटला तरी ती धक्का पोटात घेते. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या अहिल्यानगरमध्येच झाली. माती विभाग असो की गादी विभाग, खालच्या थराचे एक काम सारखेच असते, ते म्हणजे धक्का जिरवणे. घरातल्या भिंतीला मात्र ना माती असते ना गादी. तिला बसलेला धक्का ती सरळ पलीकडच्या घरात पोचवते.

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. गोळ्या वेळेवर, जेवणात मीठ कमी, तरीही सकाळचा रक्तदाब चढलेला आणि डोके जड. खोदून विचारल्यावर समजले, की रोज पहाटे पाच वाजता त्यांच्या उशाकडची भिंत थरथरू लागते. पलीकडे शेजारचा मुलगा स्पीड बॅगवर सराव करतो. मुलगा गुणी, घरोबा जुना, म्हणून बोलायचा संकोच. त्यांच्या रक्तदाबाचे कारण एवढेच, असे मी म्हणणार नाही. पण झोपमोड हे त्यातले एक कारण असू शकते, आणि ते गोळीने जाणारे नाही.

ठोका पलीकडे जातो कसा?

आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट हवेतून. ती दार-खिडकी लावली की बरीचशी अडते. दुसरी वाट लाकूड, लोखंड, वीट, सिमेंट यांच्यामधून. ती दार लावून अडत नाही. स्पीड बॅगची अडचण या दुसऱ्या वाटेची आहे. एक ठोसा मारला की बॅग फळीवर तीनदा आपटते: आधी मागे, मग पुढे, पुन्हा मागे. सेकंदाला दोन ठोसे धरले तर फळीवर सहा ठोके पडतात. दहा मिनिटांच्या सरावात हे ठोके ३,६०० होतात. फळीतून ते ब्रॅकेटमध्ये, ब्रॅकेटमधून बोल्टमध्ये आणि बोल्टमधून भिंतीत उतरतात. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची पार्टिशनची असेल तर ती तबल्याच्या पुडीसारखी वाजते.

शरीरावर काय परिणाम होतो?

जाग आली नाही म्हणजे त्रास झाला नाही, असे समजू नये. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. ठोक्यासरशी झोपलेल्या माणसाची नाडी क्षणभर जलद होते, गाढ झोप उथळ होते आणि शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात. हे महिनोन् महिने चालले तर चिडचिड, डोकेदुखी, दिवसा पेंग येणे आणि रक्तदाब वाढणे, अशा तक्रारी उद्भवतात. बाळंतीण, तान्हे बाळ, नुकतेच ऑपरेशन झालेला रुग्ण, अर्धशिशीचा रुग्ण यांना हा त्रास अधिक जाणवतो. साखर कारखान्यात किंवा एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची तर दुपार हीच रात्र असते.

चांगल्या झोपेसाठी शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आणि मध्येच होणारा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र ही दहा ते सहा अशी धरलेली आहे. पहाटे पाचला आपण सकाळ म्हणतो, नियमाच्या लेखी ती रात्रच.

काय उपयोगाचे नाही?

भिंतीला थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवणे, गोधडी टांगणे हे उपाय पुष्कळ जण करतात. त्याने फार तर खोलीतला घुमणारा आवाज कमी होईल. बोल्टमधून भिंतीत शिरलेली थरथर त्याने थांबत नाही. फळीच्या खालच्या अंगाला गादी लावण्यानेही काम होत नाही. बॅगची उसळी मरते आणि सराव बिघडतो.

काय करावे?

१) जागा नीट निवडा. शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत आणि साडेचार इंची पार्टिशन टाळावे. बाहेरची नऊ इंची भिंत चांगली. तिथेही आरसीसी कॉलममध्ये अँकर बोल्ट पक्के बसत असतील तर उत्तम, पण तो कॉलम शेजाऱ्याच्या खोलीला लागून नसावा. जुन्या वाड्यांतील दगड-मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाहीत, सांध्यातली माती झडते. तिथे भिंतीचा नाद सोडून अंगणात दोन खांब काँक्रीटमध्ये रोवावेत. वरच्या मजल्यावर लोखंडी स्टँड ठेवला तर थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते, हेही ध्यानात असू द्यावे.

२) आधी वजन वाढवा. हलकी फळी प्रत्येक ठोक्याला नाचते. फळी दीड ते दोन इंच जाड हवी. प्लायवूडचे दोन जाड तुकडे सुताराकडून एकावर एक चिकटवून घेतले तरी चालते. ब्रॅकेट जाड अँगलचे करावे, आणि ते तेवढे वजन पेलणारे असेल तर फळीच्या वर वाळूची पिशवी बांधून ठेवावी. वजन जितके जास्त, तितकी एका ठोक्याने होणारी हालचाल कमी.

३) मग रबर घाला. गोठ्यात जनावरांखाली अंथरतात ती जाड रबरी मॅट आपल्या जिल्ह्यात कुठेही मिळते. तिचे तुकडे ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये बसवावेत. पण एवढ्यावर थांबू नये. बोल्ट लोखंडी ब्रॅकेटला थेट टेकला तर थरथर रबराला वळसा घालून बोल्टमधूनच भिंतीत जाते. म्हणून बोल्टच्या डोक्याखाली रबरी वायसर आणि भोकात रबरी नळीचा तुकडा हवा. बोल्ट पक्का आवळावा, मात्र रबर चिरडेपर्यंत नव्हे. चिरडलेले रबर लोखंडासारखेच वागते. वजन न वाढवता नुसते रबर घातले तर फळी डुगडुगते, आणि उपाय फसला असे वाटते.

४) सैल काही ठेवू नका. बॅग जिथे टांगतो ती फिरती कडी, नट, ब्रॅकेटचे जोड आठवड्यातून एकदा तपासावेत. निम्मा खडखडाट पुष्कळदा एका ढिल्या नटाचा असतो.

५) बॅग लहान घ्या. मोठी बॅग जड आणि तिचा ठोकाही जड. हवा टणक होईपर्यंत भरू नये. थोडी कमी हवा ठेवल्यास ठोका मऊ पडतो.

एवढे झाल्यावर घरातल्या एकाने बॅग वाजवावी आणि दुसऱ्याने शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन भिंतीला तळहात लावून पाहावा. आम्ही नाडी पाहतो तसेच हे. हाताला ठोका लागत असेल तर रबर, बोल्ट किंवा जागा यांपैकी काहीतरी अजून चुकते आहे.

ठोसे मारणाऱ्याने काय जपावे?

बॅगचा सर्वांत फुगीर भाग हनुवटी ते तोंड यांच्या उंचीला यावा. फार उंच टांगली तर खांदे आणि मान धरते. हाताला कापडी पट्टी गुंडाळून, बॅगसाठी मिळणारे हलके ग्लोव्हज घालूनच सराव करावा. चुकीचा ठोसा फळीवर बसला तर करंगळीच्या मागचे तळहाताचे हाड मोडू शकते. मुठीचा तिथला उंचवटा दिसेनासा झाला, सूज आली किंवा बोट वाकडे वळू लागले तर चोळत बसू नये, एक्स-रे काढावा. मधुमेह असलेल्यांनी बोटांच्या सांध्यावरची खरचट हलक्याने घेऊ नये. हात वर उचलून केलेल्या व्यायामात रक्तदाब चालण्यापेक्षा जास्त चढतो. त्यामुळे रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी, हृदयविकाराच्या आणि डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन झालेल्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

वेळेचे काय?

वर सांगितलेल्या गृहस्थांनी शेवटी संकोच सोडून मुलाच्या वडिलांशी गोष्ट काढली. भिंत थरथरते याची त्या घराला कल्पनाच नव्हती. मुलाने पहाट धावायला आणि दोरीवरच्या उड्यांना ठेवली, आणि बॅग संध्याकाळी सहानंतर.

रबर आणि वजनाने थरथर कमी होते, ती पूर्ण नाहीशी होत नाही. उरलेल्या थरथरीवर उपाय वेळेचाच आहे. रात्री दहा ते सकाळी सहा बॅगला हात लावू नये, सरावाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. शेजारी परीक्षेचा विद्यार्थी किंवा आजारी माणूस असेल तर सोयीची वेळ त्यांनाच विचारावी. फळी ठोकण्यापूर्वी विचारले तर आणखी बरे. भोके एकदाच पाडावी लागतात.