पाकळी वाजली पाहिजे

बारा इंच व्यासाचा पोलादी ड्रम मांडीवर घेतला की आधी हाताला गार लागतो. वरच्या फुगीर पाठीवर आठ पाकळ्यांचं कमळ कापलेलं असतं. बोटाचं पेर एका पाकळीच्या टोकावर टेकवायचं आणि चटका बसल्यासारखं लगेच उचलायचं. बोट जरा रेंगाळलं तर नुसता ठक्क आवाज येतो. वेळेत उचललं तर स्वर निघतो आणि कितीतरी वेळ घुमत राहतो. मी पहिल्यांदा हा ड्रम वाजवला तेव्हा ते कमळ मला नक्षी वाटलं होतं. ज्याने तो बनवला त्याने तो उलटा करून, खालच्या भोकातून आतली बाजू दाखवली, तेव्हा कळलं की प्रत्येक पाकळी ही एक जीभ आहे. तीन बाजूंनी कापलेली, फक्त देठाशी जोडलेली. वाजते ती पाकळीच.

ध्यानासाठी म्हणून आज अनेक घरांत दिसणारं हे वाद्य प्राचीन नाही, पण त्याच्या वंशावळीत आपला मातीचा घटम् आहे. त्रिनिदादमध्ये 1930 ते 1940च्या दशकांत तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून स्टीलपॅन जन्माला आला. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फेलिक्स रोहनर आणि सबिना शेरर हे स्टीलपॅन बनवायचं काम करत होते. त्यांच्याकडे रेटो वेबर हा तालवादक आला. तो घटम् वाजवायचा. घटम्सारखं हातांनी वाजेल, पण ज्यात स्वरही असतील असं पोलादी वाद्य त्याला हवं होतं. त्यातून 2000 साली ‘हांग’ तयार झालं. बर्नच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ हात. हांग महाग होतं आणि सहज मिळत नव्हतं. मग 2007 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डेनिस हॅव्हलीना यांनी प्रोपेनच्या रिकाम्या टाकीवर जिभा कापून स्वस्तातलं वाद्य बनवलं आणि त्याची कृती सगळ्यांसाठी खुली केली. आजचे जिभांचे ड्रम बहुतेक त्याच वाटेने आले. (आपल्याकडे कुणी घरच्या सिलिंडरवर हा प्रयोग करू नये. तो सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो आणि आत उरलेला गॅस भडकतो.)

कमळ त्यावर कसं आलं याला एकच एक कारण नाही. गोल पाठीवर मध्याभोवती जिभा मांडल्या की फूल आपोआप दिसायला लागतं. त्यात ध्यान हा शब्द जोडला गेला, मग दुसरं कुठलं फूल सुचणार? अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हातात कमळ घेऊनच उभा आहे. आपल्या रांगोळीत, पूजेच्या चौरंगावर, देवळाच्या छतावर अष्टदळ असतंच. योगात शरीरातलं प्रत्येक चक्र कमळच मानलं आहे: मूलाधाराला चार पाकळ्या, मणिपूरला दहा, विशुद्धाला सोळा. हृदयाजवळच्या बारा पाकळ्यांच्या कमळाचं नाव अनाहत, म्हणजे आघाताशिवाय उमटणारा नाद. हे नाव मला या वाद्याच्या संदर्भात फार मोलाचं वाटतं. ड्रमचा नाद आहत आहे, तो आघातातूनच निघतो. पण बोट उचलल्यावर जो घुमत राहतो, तो ऐकत बसायचं असतं. ऐकणाऱ्याचं ध्यान त्या घुमण्यात लागतं.

बनवणाऱ्याची खरी परीक्षा मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. कमळाला सारख्या पाकळ्या हव्यात आणि स्वरांना लहानमोठ्या. जिभेचा स्वर तिच्या लांबीवर ठरतो: जाडी आणि आकार तोच ठेवला, तर एक सप्तक खाली जायला जीभ साधारण 1.4 पट लांब करावी लागते. आठ जिभांच्या ड्रमवर बहुतेक वेळा मंद्र पंचम, मंद्र धैवत, मग सा, रे, ग, प, ध आणि तार सा असे स्वर लावतात. हिशोब केला तर सगळ्यात लांब पाकळी सगळ्यात आखूड पाकळीच्या दीडपटीहून थोडी जास्त निघते. असं कमळ एका बाजूला झुकलेलंच दिसणार. यावर कारागीर दोन उपाय करतात. एक म्हणजे क्रमाने स्वर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवायचे. त्यामुळे दोन्ही हातांना काम मिळतं आणि फुलाचे दोन्ही अर्धे जवळपास सारखे दिसतात. दुसरा उपाय वजनाचा. टोकाला रुंद असलेली पाकळी जड, म्हणून तिचा स्वर खाली. टोकदार पाकळी हलकी, म्हणून वर. आतून छोटा लोहचुंबक चिकटवला तरी स्वर उतरतो.

स्वर लावताना कापलेली रेघ देठाकडे जराशी वाढवली की स्वर खाली जातो. टोकाला कानस मारली की वर चढतो. पण रेघ एकदा वाढवली की मागे घेता येत नाही. म्हणून आधी पाकळी मुद्दाम थोडी आखूड, चढ्या स्वराची ठेवतात आणि कणाकणाने खाली उतरवतात. रंग लागला की वजन वाढतं, म्हणून रंगानंतर पुन्हा ऐकावं लागतं. काही जण रंग न लावता पोलादच तापवतात. 220 अंशांच्या आसपास ते गवती पिवळं होतं, पुढे जांभळं, आणि 300 अंशांजवळ निळं. असं निळ्या कडांचं कमळ मला सगळ्यात आवडतं, कारण त्याचा रंग धातूतूनच आलेला असतो.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होतं, ते इथे आठवतं. हातोडीच्या ठोक्यांनी उमटलेली ती ओळीने बसलेली चमक नक्षी म्हणून आपण पाहतो, पण त्याच ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांडं टिकतं. चांगल्या ड्रमवरच्या कमळाचं नातं त्या ठोक्यांशी आहे. फक्त वर छापलेल्या, चिकटवलेल्या कमळाशी नाही.

दुकानात आज छापील कमळंच जास्त दिसतात. खालच्या भोकाला कमळाची जाळी करतात ती सुंदर असते, मात्र जाळीचे पट्टे फार रुंद झाले की आवाज आत कोंडतो. स्वरांबाबतही स्पष्ट सांगतो: सा, रे, ग, प, ध असले म्हणून हा भूप होत नाही. मींड या पोलादातून निघणार नाही आणि राग फक्त स्वरांच्या यादीने उभा राहत नाही. पण याच पाच स्वरांमुळे कुठल्याही दोन पाकळ्या एकत्र वाजल्या तरी कानाला टोचत नाहीत, आणि ज्याने आयुष्यात कधी वाद्य धरलं नाही तोही पहिल्याच दिवशी तासभर रमतो. ही या वाद्याची मोठी देणगी आहे.

घ्यायला गेलात तर आधी ड्रम उलटा करून पाहा. मग आठही पाकळ्या एकेक करून वाजवा आणि प्रत्येक स्वर पूर्ण विरेपर्यंत थांबा. एखादी पाकळी खरखरली किंवा शेजारणीपेक्षा लवकर गप्प झाली, तर कमळ कितीही देखणं असलं तरी तो ड्रम ठेवून द्या. आणि घरी आणल्यावर, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात फिरवा. गंज आधी पाकळीच्या कापलेल्या कडेलाच धरतो.