चामडं शिवायला मेणाचाच दोरा का? कोणता घ्यावा, कसा वापरावा?

चपलेचा अंगठा तुटला किंवा बॅगेचा पट्टा उसवला की आपण रस्त्याच्या कडेला बसलेल्या कारागिराकडे जातो. सरकारी कागदांत त्यांना 'गटई कामगार' म्हणतात. शिवायला घेण्याआधी ते दोरा मेणाच्या गोळ्यावरून दोन-तीनदा ओढतात. आपण तेवढ्यात मोबाईल बघत असतो, पण शिलाई किती टिकणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

कापडात सुई गेली की छिद्र मिटून येतं. चामड्यात आरीने पाडलेलं छिद्र तसं मिटत नाही. त्यात दोरा घासत राहतो, शिवाय पाणी, घाम, माती शिरते. मेणामुळे दोऱ्याचा पीळ सुटत नाही, तो छिद्रातून सहज सरकतो आणि ओढलेला टाका सैल न पडता जागेवर चिकटून बसतो.

मेण मधमाशांचं हवं. घरातली मेणबत्ती बहुतेक वेळा पॅराफिनची असते. ती ठिसूळ असते, दोऱ्यावरून तिचा पांढरा भुगा गळतो. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्यामुळे लातूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात ते वितळत नाही. मऊ मात्र पडतं आणि धूळ धरतं. रीळ झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता दोरा कोणता? सुती दोरा स्वस्त, पण ओलाव्याने आणि घामाने कुजतो. पावसाळी चपलेला तो नकोच. नायलॉन दणकट असतो, पण ताणला जातो आणि उन्हाने कमजोर होतो. पॉलिस्टर कमी ताणतो, पाणी जवळपास शोषत नाही. बॅग, कमरेचा पट्टा, पाकीट यांसाठी मी तरी मेण लावलेला पॉलिस्टरच घेईन. युरोपात जुने कारागीर लिननचा दोरा वापरत. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. आपण मराठवाड्यात त्याच जवसाची चटणी खातो!

दुकानात खात्री नसेल तर दोऱ्याचा तुकडा जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर आणि नायलॉन आक्रसून त्यांचा कडक मणी बनतो.

जाडीत लोक सर्वात जास्त फसतात. दोरा बारीक आणि मजबूत असेल तर ताण आल्यावर तो तुटत नाही, चामडंच सुरीसारखं कापतो. पाकिटाला ०.६ मिलिमीटर, बॅगेला आणि पट्ट्याला ०.८ ते १ मिलिमीटर दोरा ठीक. टाकेही फार जवळ नकोत, नाहीतर पोस्टाच्या तिकिटासारखं छिद्रांच्या रेषेवर फाटतं. अस्सल कोल्हापुरी चपलेचा तळ तर चामड्याच्याच वादीने शिवलेला असतो. ती दुरुस्त करताना नायलॉन नको, वादीच लावायला सांगा.

घरी शिवणार असाल तर शिलाईच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या, जाड चामड्याला आणखी थोडा. दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवा. छिद्रं आधी पाडून ठेवा आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून काढा. याला सॅडल स्टिच म्हणतात, म्हणजे खोगीर शिवायचा टाका. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजला की शिलाई उसवत जाते. आकड्याच्या आरीनेही तसाच टाका पडतो. दोन सुयांच्या शिलाईत एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. जड बॅगेचे बंद असेच शिवून घ्या. याला वेळ जास्त लागतो, तेव्हा कारागिराशी घासाघीस करू नका.

शेवटी दोन-तीन टाके उलटे मागे घाला आणि दोरा कापा. पॉलिस्टर असेल तर टोकाला लायटर क्षणभरच दाखवा. जास्त वेळ धरलात तर शेजारचं चामडं काळं पडतं.